गौराबाईंचं तोंडी मत

वहिनी गेल्याचा निरोप परभणीला आणला तो ताडकळसच्या एका गाडीवाल्यानं. त्यानं बैलही सोडले नाहीत. जू बैलांच्या खांद्यावर तसंच ठेवून तो ओट्यापर्यंत आला आणि म्हणाला, "अक्का गेल्या. सकाळी गाडीतळ झाडला, हातपाय धुतले, अन् भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच." मी काही विचारायच्या आत त्यानंच पुढं सांगितलं, "आज बाजार हाय न्हवं. गाड्या यायलाच लागल्या होत्या. कुणालाच कळंना, गाडी आत घ्यावी का न्हाई..." त्याच गाडीतून मी आणि माझी बायको गेलो. संध्याकाळच्या आत आमच्या रिवाजाप्रमाणं जंगमस्वामींनी विभूती लावली आणि वहिनींना बसवून माती दिली. बाजाराला आलेली पुष्कळ माणसं तशीच मातीला आली. त्यांच्यात एक म्हातारा कारभारी होता. तो मागं उभा राहिला, कुणाशी बोलला नाही, आणि सगळ्यांच्या शेवटी मूठभर माती टाकून निघून गेला. त्याचं आणि वहिनींचं काय नातं होतं, हे आता पुष्कळांना ठाऊक नाही. म्हणून लिहितो आहे.

गौराबाई माझ्या थोरल्या भावाची बायको. माझा भाऊ नागप्पा तापानं गेला तेव्हा त्यांची मुलगी शांता रांगत होती. भावाचं किराणा दुकान त्याच्या मागं चाललं नाही. राहिली ती बाजाराच्या मैदानाला लागून असलेली जमिनीची एक पट्टी, विहिरीसकट. तिचा पट्टा रीतसर वहिनींच्या नावावर झाला. वहिनींनी त्या पट्टीला काट्याचं कुंपण घातलं, दगडी डोण बांधून घेतली, आणि बाजारच्या दिवशी येणाऱ्या गाड्यांना तिथं उभं राहू दिलं. तोच हा गाडीतळ. बैलांना पाणी, गाडीवानाला सावली. जाताना जो तो आपल्या खुशीनं मूठपसा ज्वारी, एखादी कडब्याची पेंढी, कधी वांगी-मिरच्या ठेवून जाई. एवढ्यावर एका विधवेनं मुलगी वाढवली, लग्न करून दिलं, आणि सासूलाही सांभाळलं. मी परभणीला अडतीच्या दुकानात हिशेब लिहीत होतो, आजही लिहितो. मी पैसे पाठवले की त्या शांताच्या अंगाला काहीतरी घेत आणि ते मला मुद्दाम दाखवत. तात्पर्य काय, बाजार जिथं होता तिथं असणं, यावर त्या घराची चूल चालत होती.

आणि बाजार हलवायचं चाललं होतं. आमच्या भागातले एक वतनदार होते. नाव लिहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं माझ्याशी चांगली वागतात, आणि हा लेख त्यांच्याविषयी नाही. गावाबाहेर त्यांचा मोठा माळ पडून होता. बाजार तिथं गेला की तहबजारी, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घ्यायची पट्टी, त्यांच्या माणसांच्या हाती जाणार होती. ठरवणार होतं तालुक्याचं बोर्ड. बोर्डावर आमच्या भागातून, म्हणजे ताडकळसपासून चुडाव्यापर्यंतच्या गावांतून, एक माणूस निवडून जायचा. या मतदारसंघाचा इतिहास सांगायचा तर तो फार छोटा आहे. पहिल्या खेपेला वतनदार बिनविरोध गेले. दुसऱ्या खेपेला लढत झाली, तीच ही. तिसरी खेप आलीच नाही. पुढं सगळा मुलूख पेटला आणि मतं कुणाला आठवणार... म्हणजे आमच्या भागात निजामाच्या राज्यात खरोखरचं मतदान झालं ते एकदाच. मत मोजक्यांनाच होतं. ठरावीक सारा भरणारे, दुकानाचा कर देणारे, असे. वहिनींच्या नावावर पट्टा होता म्हणून त्यांचं नाव यादीत आलं. बाईचं नाव ते एकच, असं मला कचेरीतल्या माणसानं सांगितलं. मी स्वतः यादी पाहिलेली नाही.

महायुद्धाचा काळ. धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, चालू होती, माणसं आधीच धास्तावलेली. वतनदारांच्या विरुद्ध उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी चुडाव्याचे एक कापडवाले उभे राहिले. बाजार आहे तिथंच ठेवायचा, एवढं एकच ते बोलत होते. भला माणूस, पेठेत पत असलेला, आमच्याच लिंगायत समाजातला. पेठेनं सुटकेचा निःश्वास टाकला. आठवडाभर कुणाच्याच लक्षात आलं नाही की या माणसाचं नाव नागप्पा आहे.

लक्षात आलं ते माझ्या आईच्या. मी गावी गेलो होतो. आई ओसरीवर वाती वळत होती. मी सांगत होतो की मत तोंडी द्यायचं असतं. साहेबापुढं उभं राहायचं, ज्याला द्यायचं त्याचं नाव घ्यायचं, पेशकार, म्हणजे त्याचा कारकून, लिहून घेतो. निदान आमच्याकडं तरी तेव्हा तसंच होतं, पेटी नाही की चिठ्ठी नाही. आईच्या हातातली वात थांबली. ती म्हणाली, "मंग गौरा कसं देनार?"

हे आजच्या तरुण वाचकांना कदाचित किरकोळ वाटेल. आमच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नुसतं नवऱ्याचं नाही, त्या नावाचा दुसरा कुणी असला तरी त्याचंही नाही. वहिनी नागपंचमीला पंचमी म्हणायच्या. अंगणात नाग निघाला तेव्हा "लांबडं, लांबडं" म्हणून ओरडल्या होत्या. भाऊ जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्याविषयी बोलायचं झालं तर त्या खुंटीकडं बघायच्या. आतल्या खोलीत खुंटीवर त्याचा पटका होता. "ह्यांना आवडायचं," असं म्हणून मान तिकडं वळायची. त्यांच्यापुढं आम्हीही ते नाव टाळायचो. त्या घरात माझ्या भावाचं नाव वर्षानुवर्षं कुणी उच्चारलेलंच नव्हतं.

मी आईला म्हणालो, "दादा तर आता न्हाई. नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं म्हनतेत, ते जित्याचं."

उत्तर वहिनींनी चुलीपाशी बसूनच दिलं. "खरं हाय, भाऊजी. आता काय कमी व्हायचं राह्यलंय."

पण आई ऐकणार नव्हती. ती हळू म्हणाली, "तिच्या तोंडात नाव न्हाई म्हनून तो घरात हाय. एकदा नाव चारचौघात गेलं की तो सगळ्यांचा झाला. मंग खुंटीवर नुसतं कापडच राहतंय." फुंकणीचा आवाज तेवढा येत राहिला.

चार-दोन दिवसांनी वतनदारांचे कारभारी आले. मातीला सगळ्यांत मागं उभे होते म्हणालो, तेच. तेव्हा भरदार होते. हातात काठी, पायात करकरती वहाण. ओट्यावर बसून त्यांनी गाडीतळ नीट न्याहाळला. म्हणाले, "अक्का, जागा झ्याक राखलीय. ह्याचा पट्टा तुमच्या नावावर झाला तवा समदे कागद बरोबर बघितले होते ना? वारसाची नोंद पुन्हा उघडता येती म्हनं." मग सूर बदलून, "तुमी कुठं तरास घेता तिकडं यायचा. तसंबी तुमाला नाव घेता यायचं न्हाई. घरी बसा, म्हंजे झालं."

वहिनींनी त्यांच्यापुढं गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. म्हणाल्या, "कारभारी, तुमी मालकाला काय म्हनता?"

"सरकार म्हनतो."

"अन् त्यांच्या माघारी?"

"सरकारच."

"म्हंजे तुमालाबी नाव कुठं घेता येतंय," वहिनी म्हणाल्या. "मंग तुमीबी घरीच बसायलाव का?"

कारभारी हसले. मला वाटलं, रागावतील. पण ते खरंच हसले, पाणी प्यायले, आणि उठताना मला म्हणाले, "तुमच्या वयनी वकील व्हायच्या चुकल्या." पट्ट्याचं बोलणं मात्र त्यांनी मागं घेतलं नाही, आणि जाताना काठीनं कुंपणाची एक फांदी उगीच बाजूला सारून गेले. आईनं ते पाहिलं. त्या आठवड्यात घरात जेवण नीट झालं नाही. नाव घेतलं तर नवरा जातो, घेतलं नाही तर गाडीतळ जातो, आणि घेऊनही कापडवाले हरले तर दोन्ही जातात. मी हिशेबाचा माणूस. मला यात कुठूनही जमेची बाजू दिसत नव्हती. मी तसं वहिनींना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "तुमी फकस्त गाडीत बसा."

कापडवाले स्वतः येऊन गेले. बिचारे फार अवघडले होते. "अक्का, माझ्यापायी रिवाज मोडू नका. एक मत गेलं तर जाऊ द्या." वहिनींनी दाराआडून विचारलं, "तुमचं दुसरं काही नाव न्हाई का? पाळण्यातलं?" ते म्हणाले, "पाळण्यातलंबी हेच हाय." त्यावर आईसकट सगळे हसलो. त्या दिवसांतलं तेवढंच हसू.

मतदान चुडाव्याला, स्टेशनजवळच्या शाळेत. तहसीलदारसाहेब मधे, शेजारी पेशकार, आणि दोन्ही बाजूंना उमेदवारांची माणसं. वतनदारांकडून अर्थात कारभारी. दाराशी गर्दी होती, आणि बाई आत आलेली पाहून ती दारात आणखी दाटली. वहिनींनी पदर नीट घेतला होता. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या करंड्यावर डावा हात. आमच्या आधी वतनदारांची तीन-चार माणसं होती. ती पुढं होत, हात जोडत आणि म्हणत, "सरकारांना." पेशकार मान हलवून लिहून घेई. मी ते ऐकत होतो, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी त्या वेळी नुसता वहिनींच्या हाताकडं बघत होतो.

वहिनींची पाळी आली. पेशकारानं नाव विचारलं, गाव विचारलं, मग "बेवा किस की?" कोणाची विधवा, ते मी सांगितलं. साहेबांनी चालवून घेतलं. मग पेशकारानं दौतीत टाक बुडवला. "किस को?"

दारात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "अक्का, उखाना घ्या. पानसुपारी आमची." लोक हसले. साहेब "खामोश" म्हणाले, पण त्यांच्याही मिशीखाली हसू होतंच. वहिनींनी नजर वर केली नाही. म्हणाल्या, "कापडवाल्यांना."

कारभारी तयारच होते. "साहेब, कापडवाले चुडाव्यात दोन-चार हायत. नाव पायजे." साहेबांनी पेशकाराकडं पाहिलं, पेशकारानं मान हलवली. "बाई, नाम लीजिए. बगैर नाम के नहीं होगा."

मला वाटलं, संपलं. मी पुढं होऊन काही बोलणार, तेवढ्यात वहिनी बोलल्या. आवाज चढवला नाही. बाजारात गाडीवानाला बैल बाजूला घे म्हणावं, तसा तो आवाज होता. "साहेब, माझ्या आधी आले त्यांनी नाव कुठं घेतलं? सरकार म्हनाले, तुमी लिहून घेतलं. सरकार काय एकच हाय? तुमीबी सरकारच हाव. त्यांचं चालतंय, मंग माझं का चालंना?"

तहसीलदार शिस्तीचा माणूस होता, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी टाक खाली ठेवायला सांगितला. थोडा वेळ कपाळाला बोट लावून बसले. कारभारी काही बोलू लागले, त्यांना हातानं थांबवलं. मग म्हणाले, ते मी आठवेल तसं मराठीत देतो: झालं ते झालं, लिहिलेलं पुसता येत नाही. पण इथून पुढं जो येईल तो नाव घेईल. बाई असो, बुवा असो. सरकार नाही, कापडवाले नाही. नाव.

म्हणजे वहिनींची सुटका झाली नाही. उलट त्यांनीच दार लावून घेतलं होतं, सगळ्यांवर आणि स्वतःवरही. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी खुंटी शोधावी तशी एकदा भिंतीवर नजर फिरवली. तिथं फक्त निजामसरकारची तसबीर होती. मग त्या म्हणाल्या, "नागप्पाला."

इतक्या वर्षांनी भावाचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. "नागप्पाला," परक्याला हाक मारावी तसं नाही, नवऱ्याला हाक मारावी तसंही नाही... कुणाला तरी हातातलं काही देताना म्हणावं, तसं. पेशकार म्हणाला, "ज़ोर से." त्यांनी पुन्हा घेतलं. या वेळी दारातल्या माणसांनाही ऐकू गेलं, आणि कुणी हसलं नाही.

आम्ही बाहेर पडणार, तर साहेबांनी कारभाऱ्यांना विचारलं, "आपका वोट?" ते स्वतः मतदार होते, मत अजून द्यायचं राहिलं होतं. ते उठले, हात जोडले. तोंड उघडलं. माझ्या समोर घडलं म्हणून लिहितो, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्यांच्या वडिलांनी, आज्यांनी ज्या घराण्याचं मीठ खाल्लं त्या धन्याचं उघडं नाव, ना पुढं रावसाहेब ना मागं काही, चार लोकांत उच्चारायचं. ओठ हलले, पण नाव आलं नाही. "साहेब, थोडं पानी पिऊन येतो," असं म्हणून ते बाहेर गेले. परत आले नाहीत. रांगेत वतनदारांचे जे मतदार उरले होते त्यांच्यातलेही काही पांगले, असं मला नंतर कळलं. सगळे नाही. बऱ्याच जणांनी नाव घेतलं आणि मत दिलं.

कुणाला किती पडली ते आकडे मी देत नाही. ते मी ऐकलेले आहेत, पाहिलेले नाहीत, आणि ऐकलेले आकडे माणसागणिक बदलतात. कापडवाले दोन मतांनी निवडून आले, एवढं मात्र त्याच संध्याकाळी साहेबांनी सर्वांसमक्ष सांगितलं. बाजार हलला नाही. पट्ट्याची नोंदही कुणी उघडली नाही. का, ते मला ठाऊक नाही.

परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो. कारभाऱ्यांची कशी जिरली, असं काहीतरी बोललो. त्या म्हणाल्या, "असं म्हनू नका, भाऊजी. मला मेलेल्याचं नाव घ्यायचं होतं, त्यांना जित्याचं. त्यांचं लय अवघड होतं."

घरी आई दारातच बसली होती. तिनं निकाल विचारला नाही. "घेतलंस?" "घेतलं." आई उठून आत गेली. त्यानंतर तिनं वहिनींशी बोलणं टाकलं. पाणी घेई, भाकरी खाई, पण बोलत नसे. वहिनींनी तिची एकदाही मनधरणी केली नाही. पण त्यांनी दुसरंच काही केलं, जे मला पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दिसलं. शांताला वाढताना त्या म्हणाल्या, "नागप्पाला अशीच करडीची भाजी लागायची. वरून कच्चं तेल." मी दचकलो. आईची मान खाली होती. वहिनी पुढं बोलतच राहिल्या. एकदा घेतलेलं नाव त्यांनी परत आत ठेवलं नाही. नागप्पा कसा पोहायला जाऊन धोतर हरवून आला, नागप्पानं बैल कसा फसून घेतला... शांताला तिचा बाप ठाऊक नव्हता. कसा असणार? घरात तो खुंटीवरच्या कापडाएवढाच होता. आईनं किती दिवस दम धरला, ते मी मोजलेलं नाही. पण एकदा वहिनी बैलाची गोष्ट सांगत होत्या आणि मधेच आई म्हणाली, "तसं न्हवतं ते. नागू आधी खोंड बघायला गेल्ता." आणि ती सांगू लागली. वहिनी ऐकत राहिल्या. आई गेली त्या आजारपणात दोघी रात्रंदिवस त्याच्याविषयीच बोलत.

कारभारी वर्षभर गाडीतळावर फिरकले नाहीत. मग एका बाजारी त्यांची गाडी कुंपणाशी येऊन थांबली. वहिनींनी आगळ काढली आणि म्हणाल्या, "कडंला लावा, सावली हाय." एवढंच. पुढं दर बाजारी ती गाडी तिथंच लागे. गेल्या वर्षीच्या धामधुमीत आम्ही बायकामुलं सरहद्दीपलीकडं नातेवाइकांकडं पाठवली, निम्मं गाव ओस पडलं. वहिनी हलल्या नाहीत. "गाड्या आल्या तर पानी कोन दावील," म्हणाल्या. गाड्या येत नव्हत्या. तरी डोण भरलेली असे. त्या दिवसांत त्यांच्या ओट्यावर कोण झोपायला येई, ते मी विचारलं नाही. करकरत्या वहाणा मात्र मी दाराशी पाहिल्या आहेत.

आता राज्य बदललं. सगळ्या सज्ञान माणसांना मत मिळणार, बायकांनासुद्धा, आणि ते कागदावर गुपचूप द्यायचं, असं लोक बोलतात. वहिनींना हे सांगायचं राहिलं. मातीनंतर आम्ही घर आवरायला राहिलो. माझ्या बायकोनं खुंटीवरचा पटका काढला, उन्हात टाकला, झटकला. वहिनी दर बाजारच्या आदल्या दिवशी तसंच करायच्या. घडी घालताना ती म्हणाली, "अवं, खरंच आमाला मत मिळनार?"

"मिळनार म्हनतेत."

"अन् तुमी उभे राह्यलाव तर?"

"तर काय? द्यायचं मला."

"कुनाला द्यायचं ते तवा बघू," ती म्हणाली. तिनं पटका परत खुंटीवर टांगला, पदराचं टोक घेऊन खुंटीवरची धूळ पुसली, आणि माझ्याकडं पाठ करूनच, त्या पटक्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, माझं नाव घेतलं. एकदा. बहुतेक जमतं का ते बघायला. मी दारापलीकडच्या कडब्याच्या पेंढ्या लावतोय असं दाखवलं. बाहेर कुंपणाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.